मोठा मासा कसा पकडला, हा आरोग्याचाही प्रश्न

पावसाळी मासेमारी बंदी संपून बोटी समुद्रात गेल्या, की वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर एक छायाचित्र हमखास येते. दोन माणसांनी मिळून उचललेला भलामोठा घोळ, माणसाच्या छातीपर्यंत पोहोचणारी सुरमई किंवा खाडीत सापडलेला वीस किलोचा जिताडा. खाली किंमत लिहिलेली असते आणि चर्चा किमतीभोवतीच फिरते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या मच्छीमारांना बंदीनंतरच्या पहिल्याच फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि लिलावात त्यांचे एक कोटीहून जास्त रुपये आले, ही बातमी तेव्हा देशभर गाजली होती.

पुण्याला समुद्र नाही. पण गणेश पेठेतल्या बाजारात, उपनगरांतल्या गाळ्यांवर आणि आता घरपोच मासळी देणाऱ्या ॲपवर येणारा मोठा मासा बहुतेक वेळा किनाऱ्याजवळच्याच समुद्रातला असतो. शिवाय शनिवार-रविवारी गळ आणि दांडी घेऊन अलिबाग, मुरुड, हर्णे, मालवणकडे जाणाऱ्या पुणेकर हौशी मंडळींची संख्या वाढली आहे. मासा कोणत्या पद्धतीने पकडला, याचा खाणाऱ्याच्या आणि पकडणाऱ्याच्या प्रकृतीशी काय संबंध, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीवरून किनाऱ्यावर चाललेला वाद आपण कायदा-सुव्यवस्थेची बातमी म्हणून वाचतो. त्याला आरोग्याची एक बाजू आहे आणि ती आपल्या ताटापर्यंत येते.

पद्धती कोणत्या?

किनाऱ्याजवळ मोठा मासा पकडण्याच्या आपल्याकडच्या पद्धती ढोबळमानाने चार गटांत बसतात. पहिली गळाची. खडपाजवळ किंवा खाडीच्या तोंडाशी दोरीला गळ लावून, जिवंत कोळंबी किंवा लहान बोईट आमिषाला वापरून जिताडा, तांब, हेकरू, रावस यांना गरवायचे. सुरमईसाठी चालत्या बोटीमागे चकाकणारे खोटे आमिष ओढत नेतात. सुरमई वेगाने पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालते, म्हणून बोटीचा वेग हेच तिथे कौशल्य. अनेक गळ एकाच लांब दोरीला बांधून सोडण्याची पद्धतही आहे.

दुसरी गिलनेटची. पाण्यात भिंतीसारखे उभे सोडलेले हे जाळे माशाला दिसत नाही. डोके आसात घुसते, कल्ले अडकतात. आसाचा आकार ठरलेला असल्यामुळे फार लहान मासा पार निघून जातो. घोळ, दाढा, सुरमई, पापलेट यांची बरीच मासेमारी अशीच होते. तिसरी पद्धत प्रवाहावर किंवा किनाऱ्यावर अवलंबून असलेल्या जाळ्यांची. पालघर, मुंबई, रायगडकडची डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून रोवलेली असते, तर सिंधुदुर्गातली रापण सगळे गाव मिळून किनाऱ्यावर ओढते.

चौथा गट यांत्रिक ताकदीचा. ट्रॉलर तळ खरवडत जाळे ओढतो. पर्ससीन जाळे थव्याभोवती गोल टाकून खालून बटव्यासारखे आवळतात आणि थव्यात जे असेल ते सगळे वर येते. त्याला रात्री प्रखर एलईडी दिव्यांची जोड दिली, की उजेडाला भुलून लहान मासे जमतात, त्यांच्या मागे मोठे येतात आणि सगळे एकाच फासात सापडतात.

महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मर्यादा घातल्या. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड काही लाखांपर्यंत वाढला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आहे. तरीही पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. आता यात डॉक्टरने लक्ष घालावे असे काय आहे?

मेल्यापासून बर्फापर्यंतचा वेळ

पहिला मुद्दा वेळेचा आहे. सुरमई, बांगडा, कुपा, तारली या जातींच्या स्नायूंत हिस्टिडिन नावाचे अमायनो आम्ल भरपूर असते. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू वाढू लागतात आणि त्यांतले काही या हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीच्या वेळी आपल्या शरीरात जे रसायन सुटते, तेच हे. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा आणि मान लालबुंद होते, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर गांधी उठतात, उलटी-जुलाब होतात. बहुतेकांना काही तासांत, फार तर एका दिवसात बरे वाटते. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना मात्र ते जड जाऊ शकते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही. तळा, कालवणात उकळा, हळद-मीठ-आगळ लावून ठेवा, ते तसेच राहते. दोन, वासावरून ते नेहमी कळत नाही, मासा कुजका न वाटताही त्यात ते असू शकते. तीन, एकदा तयार झालेले हिस्टामिन बर्फात ठेवून किंवा फ्रीझरमध्ये टाकून कमी होत नाही. म्हणजे सगळा खेळ मासा मरण्याच्या क्षणापासून बर्फात जाईपर्यंतच्या काळाचा आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार हवा किंवा पाणी २८ अंश सेल्सियसच्या थोडे वर असेल, तर अशा जातींचा मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. अरबी समुद्राचे पाणी वर्षातला बराच काळ याच तापमानाच्या आसपास असते. आता पद्धतींकडे पुन्हा पाहा. गळाला लागलेली सुरमई बोटीवर येते तेव्हा जिवंत असते. तिचे घड्याळ तिथून सुरू होते आणि मच्छीमाराने लगेच रक्त काढून बर्फात ठेवली, तर ती उत्तम राहते. जपानी मच्छीमार मोठ्या माशाच्या मेंदूत सुळा खुपसून त्याला क्षणात मारतात आणि रक्त काढतात ते याचसाठी. तडफडीत स्नायू तापतात आणि मांसाचा दर्जा उतरतो.

गिलनेटमध्ये गोष्ट वेगळी. सुरमईला श्वास घेण्यासाठी सतत पोहत राहावे लागते, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी वाहते. जाळ्यात अडकली की ती थोड्याच वेळात मरते. जाळे संध्याकाळी सोडून पहाटे ओढले, तर काही मासे कोमट पाण्यात कित्येक तास मेलेल्या अवस्थेत लटकलेले असतात. सहा तासांची मुदत बोटीवर येण्याआधीच संपत आलेली असते. याचा अर्थ गिलनेट वाईट असा नाही. आसाच्या आकारामुळे ते निवड करणारे, पारंपरिक मच्छीमाराच्या आवाक्यातले साधन आहे. पण जाळे किती तासांनी ओढले, याला आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे.

पर्ससीनमध्ये मासा जिवंत वर येतो, पण एका वेळी काही टन येतो. एवढ्या माशाला पुरेल इतका बर्फ आणि तो आतपर्यंत पोहोचेल अशी रचना बोटीवर नसेल, तर ढिगाच्या मध्यभागी उष्णता कोंडते. एकेका मोठ्या माशाचेही तसेच. दहा किलोचा कुपा वरून बर्फाने झाकला तरी त्याचा गाभा थंड व्हायला बराच वेळ लागतो. म्हणून मोठ्या माशाचे पोट साफ करून पोकळीत बर्फ भरणे आवश्यक असते.

यातून निघणारा वैद्यकीय तोटा नेहमी दिसत नाही. असा रुग्ण आला, की त्याला ‘माशाची ॲलर्जी’ असा शिक्का बसतो. मग तो आयुष्यभर मासे सोडतो आणि चांगल्या प्रथिनांना मुकतो. खरे तर एकाच पंगतीत दोघा-तिघांना एकदम तोच त्रास झाला असेल, किंवा तीच जात पूर्वी अनेकदा खाऊन काही झाले नसेल, तर ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनची शक्यता अधिक. कोणता मासा, कुठून आणला, किती वेळ बाहेर होता, बरोबर जेवलेल्यांना काय झाले, एवढे रुग्णाने डॉक्टरांना सांगितले तरी निदान सोपे होते. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर मात्र हा विचार करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मोठा म्हणजे वयस्कर

दुसरा मुद्दा पाऱ्याचा. कोळसा जाळण्यातून, खाणकामातून आणि नैसर्गिक स्रोतांतून पारा समुद्रात पोहोचतो. तिथले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. शेवाळे, झिंगे, लहान मासे, मोठे मासे अशा साखळीत वरच्या पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेली विषबाधा कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झाली होती. तिथे गर्भातल्या बाळांच्या मेंदूला झालेली इजा आईच्या त्रासापेक्षा कितीतरी गंभीर असू शकते, हे जगाला कळले. आपल्या बाजारात त्या प्रमाणाची विषबाधा होत नाही. पण तत्त्व तेच आहे. शिकारी मासा जितका मोठा आणि वयस्कर, तितका त्याच्या अंगात पारा जास्त.

गरोदर स्त्रिया इंटरनेटवरची अमेरिकी यादी वाचून घाबरून येतात. त्या यादीत ‘किंग मॅकरेल’ टाळावा असे लिहिलेले असते आणि आपल्याकडे सुरमईला इंग्रजीत ‘किंग फिश’ म्हणतात. तो अटलांटिकमधला किंग मॅकरेल आणि आपली सुरमई एकाच कुळातल्या, पण वेगळ्या जाती आहेत, म्हणून ती बंदी जशीच्या तशी इकडे लावता येत नाही. तरीही सुरमई शिकारी मासा आहेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी मोठ्या सुरमईच्या जाड तुकड्या रोजच्या न करता अधूनमधून खाव्यात. मुशी म्हणजे शार्क आणि मोठा कुपा या काळात टाळलेले बरे. त्याच वेळी मासे पूर्ण सोडणे ही त्याहून मोठी चूक. बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारे ओमेगा-३ मेद तारली आणि बांगड्यात भरपूर असतात. बोंबील, मांदेली, पापलेट हेही आठवड्यातून दोन-तीनदा खायला हरकत नाही. यांतले बरेच मासे सुरमईपेक्षा स्वस्त आहेत, हे सांगायला सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला बरे वाटते.

घोळाच्या पोटातले ‘सोने’

घोळाच्या किमतीचे कारण त्याचे मांस नाही, पोटातला वाताशय आहे. मच्छीमार त्याला बोत म्हणतात. वाळवलेल्या बोताला चीन, हाँगकाँग आणि आग्नेय आशियात सुपासाठी आणि ताकद देणारे म्हणून मोठी मागणी आहे. मद्य स्वच्छ करण्यासाठीही माशांच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ वापरला जातो. दर वेळी बातमीत आणखी एक वाक्य येते, की या बोतापासून शस्त्रक्रियेत आपोआप विरघळणारे टाके बनतात.

या वाक्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आज शस्त्रक्रियागृहात वापरले जाणारे विरघळणारे धागे प्रामुख्याने पॉलिग्लायकोलिक आम्ल, पॉलिग्लॅक्टिन अशा कृत्रिम पदार्थांचे असतात. जुन्या काळापासून चालत आलेला ‘कॅटगट’ हा मेंढी किंवा गुरांच्या आतड्याच्या थरापासून बनतो. माशाच्या वाताशयातले कोलॅजेन संशोधकांना उपयोगी वाटते हे खरे, पण घोळाचा भाव शस्त्रक्रियेच्या धाग्यामुळे कोटीत जात नाही. तो सूप आणि प्रतिष्ठेमुळे जातो. बोतातले कोलॅजेन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते. ते खाल्ल्याने सांधे नवे होतात किंवा तारुण्य टिकते, याला भक्कम पुरावा नाही. ‘औषधी’ हा शब्द लागला की भाव वाढतो आणि भाव वाढला की जाळी वाढतात.

पुढे काय होऊ शकते, हे मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात दिसले आहे. तिथल्या टोटोआबा नावाच्या, घोळाच्याच कुळातल्या माशाच्या वाताशयासाठी बेकायदा गिलनेट लावली गेली. टोटोआबा तर संकटात आलाच, पण त्याच जाळ्यांत अडकून वाकिटा हा लहानसा सागरी सस्तन प्राणी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. घोळाच्या कुळातले मासे या वाताशयाभोवतीचे स्नायू थरथरवून आवाज काढतात आणि विणीच्या काळात मोठ्या थव्याने एकत्र येतात. म्हणजे एका योग्य फेरीत सगळा थवा उचलता येतो. मच्छीमाराच्या दृष्टीने ती लॉटरी असते, त्या थव्याच्या दृष्टीने पुढची पिढी संपण्याची शक्यता. गुजरातने नोव्हेंबर २०२३ मध्ये घोळाला राज्य मासा केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने पापलेटला. सन्मान दोन्ही माशांना मिळाला. आता दोघांनाही वाढायला वेळ मिळायला हवा.

आई गेली, तर पुढचे मासे कुठून?

महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर आणि घोळासाठी ७०० मिलिमीटर आहे. यापेक्षा लहान मासा पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे. नियम चांगला आहे. एकदा तरी विणीची संधी मिळावी, हा त्यामागचा विचार.

पण जीवशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३४२ जातींच्या सागरी माशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मादी दुप्पट मोठी झाली तर अंडी दुप्पट होतात, हा समज त्याने चुकीचा ठरवला. अंडी त्याहून कितीतरी जास्त वाढतात. त्यातले उदाहरण अटलांटिक कॉड माशाचे आहे. ३० किलोची एक मादी दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, आणि त्या २८ माद्यांचे एकत्रित वजन ५६ किलो भरते. म्हणजे छायाचित्रातला तो भलामोठा मासा पाण्यात असताना अनेक लहान माशांच्या बरोबरीचा असतो.

जिताड्याचे उदाहरण आपल्याला जवळचे. रायगडच्या खाड्यांत आणि खारजमिनीतल्या तळ्यांत वाढणारा हा मासा आयुष्याची सुरुवात बहुधा नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा मादीच. हेकरूच्या जातींत याच्या उलट. तिथे मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यांतले काही नर होतात. दोन्हीकडे फक्त मोठे मासे वेचून काढले, तर एका लिंगाचा तुटवडा पडतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात पूर्व किनाऱ्यावर जिताड्यासाठी खालची मर्यादा ५८ सेंटिमीटर आहे तशी वरचीही १२० सेंटिमीटर आहे. त्याहून मोठा लागला तर सोडून द्यायचा. आपल्याकडे किमान लांबीचा नियम आला, कमाल लांबीचा विचार अजून व्हायचा आहे. निदान जिताडा आणि हेकरूसाठी तो व्हावा आणि सुरुवात हौशी गळकऱ्यांपासून व्हावी, कारण त्यांची चूल त्या माशावर पेटत नाही.

व्यावसायिक मच्छीमाराला मात्र उपदेश करण्याआधी त्याचा हिशेब पाहिला पाहिजे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना जाळ्यात आलेला मोठा मासा तो सोडणार नाही, आणि त्याने सोडावा अशी अपेक्षाही अन्यायाची. त्याच्यासाठी मार्ग दुसरा आहे. गळावर पकडलेला, लगेच बर्फात ठेवलेला मासा वेगळा ओळखता आला आणि त्याला चांगला भाव मिळाला, तर कमी मासे पकडूनही त्याचे भागेल. आज बाजारात आल्यावर गळाचा आणि ढिगातला मासा एकाच फळीवर, एकाच भावाने पडतो. बंदरावर पुरेसा बर्फ, लिलावाच्या जागेवर सावली आणि पेटीवर पद्धत व तारीख लिहिलेली चिठ्ठी, इतक्या साध्या गोष्टींनी फरक पडेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पकडणाऱ्याचे हात

तिसरा मुद्दा पकडणाऱ्याच्या सुरक्षेचा. यात खलाशी आणि हौशी दोघेही आले. मोठ्या माशाशी झुंजताना दोरी हाताला गुंडाळणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार. माशाने उसळी मारली की दोरी बोटाची कातडी सोलून काढते, कधी बोटच जाते. हातमोजे घालावेत, दोरी कधीही गुंडाळू नये आणि कापायला सुरी हाताशी ठेवावी.

गळ बोटात रुतला, तर ओढून काढू नये. उलटा काटा आत मांस फाडतो. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ रुतला असेल, तर हात न लावता त्यावर कागदी कप झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. इतर ठिकाणी डॉक्टर जागा बधिर करून टोक पुढे बाहेर काढतात, काटा कापतात आणि मग गळ मागे घेतात. धनुर्वाताची लस घेतली आहे का, हे पाहणे आवश्यक.

शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा दंश यांच्या वेदना असह्य असतात. त्यावर सर्वांत परिणामकारक प्रथमोपचार म्हणजे गरम पाणी. सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासावे, नाहीतर वेदनेच्या भरात भाजते. काट्याचा तुकडा आत राहिला का, हे एक्स-रे काढून पाहावे लागते. दंश पोटात किंवा छातीत झाला असेल, तर तो काटा जागेवरून हलवू नये आणि तडक रुग्णालयात न्यावे.

समुद्रसाप जाळ्यात येणे कोकणात नवे नाही. त्याचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. काही तासांनी अंग दुखू लागते, जबडा आवळतो, लघवी गडद होते. आपल्याकडे मिळणारी नेहमीची सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे, समुद्रसापासाठी नाही. म्हणून अशा रुग्णाला श्वासाचे यंत्र आणि डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी लवकर पोहोचवणे महत्त्वाचे.

मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. माशाचा काटा लागून झालेल्या लहानशा जखमेतून ते शिरले, तर अशा रुग्णांत एक-दोन दिवसांत हात सुजून काळानिळा होऊ शकतो. जखम वेगाने सुजते आहे, फोड येत आहेत, ताप आहे, असे दिसले तर पुण्याला परत जाऊन दाखवू असे म्हणू नये. जवळच्या रुग्णालयात जावे आणि जखम समुद्राच्या पाण्यात झाली हे आवर्जून सांगावे. पोहता येते म्हणून लाइफ जॅकेट न घालता खडपाच्या टोकावर उभे राहणाऱ्यांना लाट विचारून येत नाही, हेही सांगायला हवे.

मासा सोडायचा असेल, तर तोही नीट सोडावा. खोल पाण्यातून वर खेचलेल्या हेकरू किंवा तांबेचा वाताशय दाब कमी झाल्याने फुगतो आणि मासा पोट वर करून तरंगत राहतो. तो पाण्यात टाकला म्हणजे वाचला असे नाही. उथळ पाण्यात गरवणे, टोक आत वळलेला गोल गळ वापरणे आणि फोटोसाठी मासा मिनिटभरापेक्षा जास्त बाहेर न ठेवणे, एवढे केले तर सोडण्याला अर्थ राहतो. गोल गळ ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही.

पुण्यातल्या गिऱ्हाइकाच्या हाती काय?

कायदा किनाऱ्यावर मोडला जातो, पण मागणी घाटावरून येते. बॉलपेनपेक्षा आखूड पापलेट पुण्याच्या हॉटेलात थाळीत येतात, कारण ती एका माणसाला ‘अख्खा पापलेट’ म्हणून देता येतात. आपण ती नाकारली, तर दर्यावरचा निम्मा प्रश्न तिथे गस्तीनौका न पाठवता हलका होईल. अन्न व औषध प्रशासनानेही बाजारातल्या सुरमई, कुपा, बांगड्यांची हिस्टामिनची नियमित तपासणी करून निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत त्याची सुरक्षा मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. निर्यातीच्या मालाला ही कसोटी लावली जाते. तीच गणेश पेठेतल्या मालाला का नको?

घरच्यासाठी नियम थोडे आहेत. सुरमई, बांगडा, कुपा, तारली घेताना फळीवर बर्फ आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. कापलेल्या तुकड्यांपेक्षा अख्खा मासा बघून कापून घ्यावा. डोळे फुगीर, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते का, हे तपासावे. तिखट, मिरमिरणारी चव लागली तर तो घास तिथेच थांबवावा. घरी जाताना पिशवीत बर्फ घ्यावा आणि मासळी सर्वांत शेवटी खरेदी करावी. विणारा, बंदीच्या काळातला किंवा ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा घेऊ नये. आणि विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा, की हा गळाचा आहे की जाळ्याचा, आणि किती दिवसांचा? सुरुवातीला तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारल्यावर तो आपल्या पुरवठादाराला विचारेल आणि पुरवठादार बंदरावर. तिथे गळावर मासे धरणाऱ्या, बर्फ नीट वापरणाऱ्या मच्छीमाराला त्या प्रश्नाचे पैसे मिळू लागतील.